रोह्यांनी सोडलेली झाडं

आमच्या मळ्यातल्या घराभोवती आज जी झाडं उभी आहेत, त्यांतली बहुतेक रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आणि चिंकारांनी हुंगून सोडून दिलेली आहेत. निवड आमची कमी आणि त्यांची जास्त, असं म्हटलं तरी चालेल. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगराकडे जाणाऱ्या पट्ट्यात आमची थोडी बरड जमीन आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातलं घर मुलाकडे सोपवून आम्ही दोघं इथे राहायला आलो. विहिरीला जेमतेम पाणी, वीतभर मातीखाली मुरूम आणि पाठीशी गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा डोंगर. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, पण इथली जनावरं त्याच्या कितीतरी आधीपासून या माळावर चरत आलेली आहेत. त्यांना हद्द कळत नाही आणि ती कळावी अशी माझी अपेक्षाही नाही.

मला बाग हवी होती. भाजीपाल्यापुरते वाफे तर हवेच, पण त्याहून जास्त फुलझाडं हवी होती. आयुष्यभर भाड्याच्या खोल्या आणि गावातलं चिंचोळं अंगण यांत कुंड्यांवर भागवलेलं होतं. त्यामुळे इथे आल्याबरोबर जास्वंद, गुलाब, मोगरा अशी रांगच लावली. पावसाळ्यात सगळं छान फुटलं. दिवाळी झाली, शेतातली कापणी उरकत आली आणि मग एकेका रात्रीत एकेक झाड खालपासून शेंड्यापर्यंत साफ व्हायला लागलं. जास्वंदीची नुसती काटकी उरली. गुलाबाला काटे असूनही त्याचे कोवळे तांबूस शेंडे तेवढे नेमके गेले होते.

या भागात कुणालाही विचारलं तरी उत्तर ठरलेलं: रोही. पण ससे आहेत, सायाळ आहे, रानडुकरं आहेत, गावातली मोकाट जनावरं आहेत. खाणारा कोण हे कळल्याशिवाय काय लावायचं ते ठरत नाही, कारण सशाला चालेल ते रोह्याला चालेलच असं नाही आणि डुकराला तर पाल्यापेक्षा कंदमुळांत रस. म्हणून मी आधी तुटलेले देठ बघायला लागले. रवंथ करणाऱ्या जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. खालचे दात आणि वरची हिरडी यांत पाला धरायचा आणि हिसडा द्यायचा, ही त्यांची खाण्याची रीत. त्यामुळे तुटलेल्या जागी साल सोलून निघते, देठाचे धागे लोंबतात. सशाचा काप मात्र सुरीनं कापल्यासारखा, तिरपा आणि स्वच्छ. माझ्या जास्वंदीवर दोन्ही प्रकार सापडले. जमिनीलगत काही स्वच्छ काप होते. कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत सगळं ओरबाडलेलं होतं.

उंची हा दुसरा पुरावा. चिंकारा खांद्यापाशी जेमतेम दोन फुटांचा, तो गुडघ्या-मांडीच्या उंचीवरचं खातो. रोह्याचा नर खांद्यापाशीच चार-पाच फूट. मान वर केली की सहा-सात फुटांवरचा शेंडाही त्याच्या तोंडात येतो. ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीत खूर उमटलेले असायचे. बारीक, टोकदार ते चिंकाराचे. वासराच्या खुराएवढे ते रोह्याचे. शिवाय रोह्यांना एकाच ठिकाणी लेंड्या टाकायची सवय असते. आमच्या पश्चिमेच्या बांधावर, बोरीजवळ, असा एक जुना ढीग निघाला. म्हणजे ते चुकून वाट वाकडी करून येत नव्हते. ही त्यांची नेहमीची वाट होती आणि आमचं घर त्या वाटेवर बांधलेलं होतं.

नीलगाय, चिंकारा आणि काळवीट हे कुरंग, म्हणजे अँटिलोप. भेकर, चितळ, सांबर ही खरी हरणं. बाग करणाऱ्याला या फरकानं फारसं काही बदलत नाही. सगळी रवंथ करणारी, सगळी नाकानं निवड करणारी, आणि सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण. चिंकारा आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहेत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या सालदारानं पहिल्याच हंगामात कुंपणाच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडायचं सुचवलं होतं. अशा तारांना चिकटून जनावरंही मरतात आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही मरतात. आमच्या मळ्यात ते होणार नाही, हे मी त्याला त्याच दिवशी सांगितलं.

जुन्या साड्या बांधून पाहिल्या. खानदेशात हरभऱ्याच्या शेताभोवती रंगीबेरंगी साड्या फडफडताना सगळीकडे दिसतात. थोडे दिवस फरक पडतो, मग जनावर सरावतं. लसूण-मिरचीचा काढा फवारला. तोही चालतो, पण दर पावसानंतर पुन्हा फवारावा लागतो आणि नवी पालवी तर काढा न लागलेलीच बाहेर येते. पक्कं जाळीचं कुंपण आमच्या खिशाबाहेरचं. तेव्हा एकच रस्ता उरला: जनावरांना ज्यात गोडी नाही अशी झाडं शोधायची.

इथे आबांनी मला खरी दिशा दिली. आबा आमच्या शेजारच्या वस्तीवरचे, जन्मभर बकऱ्या वळलेले. ते ओट्यावर चहा घेत होते आणि मी त्यांना विचारत होते की कुठलं झाड लावू. आबा म्हणाले, ‘बाई, बकरी ज्याले तोंड लावस नही ना, त्याले रोही बी तोंड लावस नही. पन भूक लागनी म्हनजे रोहीले काहीच कडू लागस नही.’ या दोन वाक्यांत माझा सगळा पुढचा अभ्यास होता. पहिल्यावर मी बाग उभी केली, आणि दुसरं वाक्य विसरू नये हे मला पुढच्या उन्हाळ्यांनी शिकवलं.

चैत्रात आबांबरोबर डोंगराच्या उतारावर फिरले. झाडं निवडायला चैत्र-वैशाखासारखा काळ नाही. पावसाळ्यात सगळा डोंगर हिरवा असतो, त्यातून काही कळत नाही. चैत्रात गवत संपलेलं असतं, बकऱ्या आणि रानातली जनावरं मिळेल ते खाऊन मोकळी झालेली असतात, आणि तरीही जे झुडूप पाल्यासकट उभं असतं ते कुणालाच नको असतं. त्या उतारावर अशी झाडं ठळक दिसत होती. सीताफळ जागोजागी, अंगावर एकही ओरबाडा नसलेलं. तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला. ओहोळाच्या कडेनं निर्गुडी. रुई तर पायवाटेच्या मधोमध. पारिजातकाची पानगळ झालेली होती, पण शेंडे सगळे शाबूत. आबांच्या कळपातली एक करडी बकरी होती, सगळ्यात खादाड. आबांनी निर्गुडीची डहाळी तोडून तिच्यापुढे धरली. तिनं नाक जवळ नेलं, वरचा ओठ दुमडला, फुर्रकन श्वास सोडला आणि मान फिरवली. लगेच शेजारच्या बोरीच्या काट्यांतून जिभेनं पान ओढून खायला लागली.

त्या बोरीपाशी माझा एक जुना समज गेला. काटा असला की झाड वाचतं, असं आपण धरून चालतो. बोर आणि बाभूळ दोन्ही काटेरी, आणि दोन्ही बकरीच्या व रोह्याच्या आवडीची. बाभळीच्या शेंगा तर ती शोधून खातात. बोगनवेलीचंही तसंच, जुनं खोड काट्यांमुळे सुटतं, पण नवी फूट कोवळी असते आणि तिचे काटेही कोवळे असतात. कडूपणाचंही तेच. कडुनिंबाचा पाला बकऱ्या आनंदानं खातात, त्याला आपण काय करणार? नुसत्या काट्यानं किंवा नुसत्या कडवटपणानं काम होत नाही. मी बघितलं त्यावरून तीन गोष्टी जास्त भरवशाच्या: तीव्र वास, तोडल्यावर येणारा चीक, आणि खरखरीत किंवा केसाळ पान. त्यातही वास सगळ्यात आधी काम करतो, कारण तोंड लावण्यापूर्वी ही जनावरं हुंगतात. चीक आणि खरखर पहिला घास घेतल्यावर कळतात, म्हणजे झाडाचं एखाद-दुसरं पान जातंच.

पुस्तकी यादीवर विसंबायचं नाही असं मी ठरवलं होतं. परदेशातल्या हरणांसाठी केलेल्या याद्यांतली निम्मी झाडं चाळीसगावच्या मे महिन्यात तगतच नाहीत. पारा ४४-४५ अंशांवर गेला की लॅव्हेंडर काय करणार? म्हणून मी आपल्याच बांधावर चाचणी घेतली. पश्चिमेच्या बोरीजवळ, जिथे लेंड्यांचा ढीग होता तिथे, दोन खुंटांमध्ये सुतळी बांधली आणि वेगवेगळ्या झाडांच्या ताज्या डहाळ्या संध्याकाळी तिला टांगायला लागले. शेजारी एक जास्वंदीची डहाळी हमखास ठेवायची. जास्वंद गेली आणि बाकीची राहिली, तर त्या रात्री कुणीतरी आलं होतं आणि त्यानं बाकीची नाकारली, असं पक्कं म्हणता यायचं. जास्वंदही तशीच राहिली तर ती रात्र हिशेबात धरायची नाही. हे कुणीही करू शकतं, खर्च सुतळीचाच. आणि ते कडक उन्हाळ्यातच करावं, कारण हिवाळ्यात आजूबाजूला तूर-हरभरा उभा असताना नाकारलेली डहाळी वैशाखात खाल्ली जाऊ शकते.

सुतळीवरून जे कळलं ते थोडक्यात सांगते. अडुळसा, निर्गुडी, रुई, कण्हेर, तरवड आणि सीताफळ यांना कुणी शिवलं नाही. गवती चहा, तुळस, पानओवा हुंगले गेले असावेत, पण तसेच राहिले. सदाफुलीची पानं राहिली. पारिजातकाचं खरखरीत पान राहिलं. झेंडूचं मात्र गणित जमेना. पाला बहुतेक वेळा राहायचा, फुलं कधी राहायची, कधी जायची. मोगऱ्याचे शेंडे गेले. शेवग्याची डहाळी पहिल्याच रात्री गेली, देठासकट.

मग रोपवाटिका गाठली. तिथल्या माणसानं जे दाखवलं त्याबद्दल ‘याला काही खात नाही’ असंच सांगितलं. त्याला दोष नाही, त्याच्या अंगणात रोही येत नसणार. पण रोपवाटिकेतल्या रोपांची एक गोष्ट मला इथे लिहायलाच हवी. ती भरपूर खत-पाण्यावर, सावलीच्या जाळीखाली वाढवलेली असतात. पानं लुसलुशीत, रसानं भरलेली, आणि त्यांतला वास-चीक उन्हात वाढलेल्या झाडाइतका तीव्र नसतो. त्यामुळे जुनं झाड ज्याला कुणी विचारत नाही, त्याचंच नवं रोप ‘चाखून बघायला’ जातं. मी आणलेली रोपं थेट जमिनीत लावली नाहीत. घराच्या पुढे, ओट्याजवळ, हळूहळू जास्त ऊन आणि कमी पाणी देत ठेवली, युरिया अजिबात नाही. पानं आखूड, जाड झाली, रंग गडद झाला. मग मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर लावली, आणि लावल्याबरोबर प्रत्येकाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. पहिले दोन उन्हाळे हे कुंपण काढायचं नाही. झाडाला वाचवणारा गुण झाडात यायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

मांडणी करताना मी बागेची तीन कड्यांत विभागणी केली. सगळ्यात बाहेर, बांधाला लागून, अडुळसा आणि निर्गुडीची दाट ओळ. दोन्ही फांदी खोचून येतात, दोन्हींना फारसं पाणी लागत नाही आणि छाटली की आणखी दाट होतात. त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी घायपात. घायपाताची पाती टोकाला इतकी कडक असतात की त्या बाजूनं जनावर अंग घालत नाही. पश्चिमेच्या बाजूला, जिथून त्यांची वाट येते, तिथे मी पूर्ण ओळ लावली नाही. एक मोकळा पट्टा ठेवला. वाट अडवली की जनावर ओळ तोडून येतं. वाट ठेवली की ते बाजूनं निघून जातं. आमच्या बाबतीत ते असंच झालं, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हा सगळ्यात उपयोगी निर्णय होता.

मधल्या कड्यात मोठी होणारी झाडं: सीताफळ, पांढरा चाफा, पारिजातक, करंज. सीताफळावर माझा विशेष जीव आहे. आपल्या डोंगरांवर ते आपोआप वाढलेलं दिसतं, त्याचं कारणच हे की त्याचा पाला कुणी खात नाही. फळ मात्र माकडं, पाखरं सगळीच खातात आणि खाऊ देत. चाफ्याला तोडलं की पांढरा चीक येतो, तो कुणाला आवडत नाही; पण रोह्याचा नर शिंगं घासायला कोवळं खोड शोधतो आणि त्यात एका चाफ्याची साल निघाली. तेव्हापासून या कड्यातल्या झाडांच्या खोडांना बांबूच्या तीन काठ्या लावून ठेवते. न खाल्लं जाणं आणि सुरक्षित राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आतल्या कड्यात, घराला लागून, वासाची आणि स्वयंपाकाची झाडं. गवती चहाचे ठोंब वाटेच्या दोन्ही बाजूंनी, मध्ये तुळस, सब्जा, पानओवा. मोरीच्या पाण्यावर अळू. त्याच्या पानाला अशी खाज असते की कुणी दुसऱ्यांदा येत नाही. हळद आणि आलं सावलीत. स्पायडर लिलीचे कांदे पायरीच्या कडेनं. त्यांना पावसाळ्यात पांढरी फुलं येतात आणि पानांना कुणी तोंड लावलेलं मी पाहिलेलं नाही. सदाफुली जिथे बी पडेल तिथे येते, तिला मी हलवत नाही. मेथी, पालक, कोथिंबीर ही मात्र या जनावरांच्या आवडीची. त्यांच्यासाठी ओट्याच्या बाजूला छोटी जाळीची खोली केली आहे. जास्वंद आणि मोगराही तिथेच. देवाला जास्वंद हवी, आणि ती मला सोडून द्यायची नव्हती. सगळी बाग जाळीत घालण्यापेक्षा आवडीचं तेवढं जाळीत घालणं परवडलं.

कण्हेरीबद्दल आता नीट लिहिते, कारण बघायला आलेल्या प्रत्येकाला तीच पहिली आवडते. गुलाबी कण्हेर उन्हाळ्यातही फुलते, पाणी मागत नाही, आणि तिला कुणी खात नाही. पण का खात नाही? तिच्या सगळ्या भागांत हृदयावर परिणाम करणारं विष आहे, आणि ते वाळलेल्या पानांतही राहतं. झाडावर असताना जनावर वासानं, चवीनं टाळतं. छाटलेल्या फांद्या वाळल्या, कडब्यात मिसळल्या, की गायीला ते वेगळं काढता येत नाही. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी तेवढीच विषारी, आणि तिची फळं मुलांना खेळायला आवडतात. आमच्याकडे नातवंडं सुट्टीत येतात आणि गोठ्यात गाय आहे. म्हणून सुतळीच्या चाचणीत कण्हेर पहिल्या नंबरानं पास होऊनही मी ती लावलेली नाही. ज्यांच्याकडे लहान मुलं आणि गुरं नाहीत त्यांनी लावावी, पण छाटणी केलेला पाला जनावराच्या वाटेवर कधीही टाकू नये. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून ती फक्त बाहेरच्या बांधावर, आपोआप आलेली तेवढी. आणि घाणेरी? तिलाही कुणी खात नाही, फुलं तर सुंदर. पण पाखरं तिचं बी डोंगरभर नेतात आणि ती जिथे पसरते तिथे गवत उगवत नाही. माझ्या बागेला वाचवायला त्याच चिंकारांचं गवत मारायचं, हे मला पटत नाही. आलेली रोपं मी मुळासकट उपटते.

आबांचं दुसरं वाक्य खरं ठरलं ते एका वाईट उन्हाळ्यात. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. डोंगरावरचे पाणवठे आटले, माळावर काडी उरली नाही. चिंकारा पाण्याशिवाय पुष्कळ दिवस काढू शकतो, कारण त्याला लागणारं पाणी तो बरंचसं पाल्यातून घेतो. म्हणजेच अशा दिवसांत ठिबकवरची कुठलीही हिरवी गोष्ट त्याच्यासाठी पाणी असते. त्या वर्षी तुळस गेली, सदाफुली गेली, पानओव्याचे शेंडे गेले. बाहेरची अडुळशाची ओळ कुणीतरी चाखून सोडली होती. पानं चावून खाली टाकलेली दिसायची. निर्गुडी, सीताफळ, तरवड, घायपात, अळू तेवढे शाबूत राहिले. तेव्हा मी झाडांची यादी नव्यानं केली, त्या एका उन्हाळ्यात काय टिकलं त्यावरून. एखादं झाड ‘हरणं खात नाहीत’ असं कुणी सांगितलं तर मी विचारते, दुष्काळात पाहिलंय का?

त्याच वर्षी आम्ही अजून एक केलं. पश्चिमेच्या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे, घरापासून लांब, विहिरीच्या पाण्याची एक उथळ टाकी केली. उतरती कड असलेली, पिल्लू आत पडलं तरी बाहेर येईल अशी. ठिबक रात्रीऐवजी सकाळी सोडायला लागलो, म्हणजे रात्री बागेतली माती आणि पानं ओली राहत नाहीत. टाकीचा खर्च जाळीच्या कुंपणाच्या तुलनेत काहीच नव्हता. त्यानंतर बागेतली नासधूस कमी झाली. टाकीमुळे किती आणि झाडांमुळे किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, पण दोन्ही ठेवावं असं माझं मत आहे. काही शेजाऱ्यांना हे पटत नाही. पाणी ठेवलं तर जनावरं जास्त येतील, असं ते म्हणतात. त्यांच्या हरभऱ्याचं नुकसान होतं तेव्हा त्यांचा राग मला समजतो. हरभरा आणि तुळस यांत फरक आहे. माझं पोट बागेवर नाही.

त्यांच्यासाठीच शेताच्या कडेचा विचार सुरू झाला. करडई काटेरी होते म्हणून पिकाभोवती तिच्या ओळी पेरायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मोकाट गुरं तिच्यातून सहज आत जात नाहीत. ती पुन्हा दोन-चार शेतांच्या कडेला दिसायला लागली आहे. एकानं बांधाच्या बाहेरून गवती चहाचा पट्टा लावला आहे. रोह्यासारखं मोठं जनावर या दोन्हींनी थांबेल का, हे त्या त्या वर्षीच्या भुकेवर अवलंबून राहील. त्यामुळे मी कुणाला खात्री देत नाही, रोपं देते.

अडुळशाच्या फांद्या आता बऱ्याच वस्त्यांवर गेल्या आहेत. पाऊस सुरू झाल्यावर, पेन्सिलीच्या जाडीची, तीन-चार डोळे असलेली काडी तिरकी कापून वीतभर खोल खोचायची, वरचे दोन डोळे बाहेर. दीड हातावर एक. निर्गुडीही तशीच. तरवडाचं बी उन्हाळ्यात शेंगा वाळल्या की गोळा करायचं, रात्रभर गरम पाण्यात भिजवायचं आणि थेट बांधावर टोकायचं. त्याला वाफ्यातून हलवलेलं आवडत नाही. यंदा पश्चिमेच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना मी तरवडच टोकणार आहे. आबांनी बी आणून दिलं आहे, त्यांच्या बकऱ्यांनी सोडलेल्या झाडांवरून निवडून.